पोटातील घटक

बादली दर बुधवारी मीच आणतो.
पहाटे डुंगाच्या किनाऱ्याला होड्या लागतात
तेव्हा मी उभा असतो, हातात फॅकल्टीची चिठ्ठी:
ङेगे मासे, नग चाळीस, आकार मध्यम.
एकतीस वर्षं झाली. नग वाढले,
पैसे तेवढेच राहिले,
म्हणून मी बारीक कुशीचे, खंगलेले निवडतो.
बाया ते स्वस्तात सोडतात.
कापायलाच तर न्यायचे.

पहिल्या वर्षाची पोरं दहाला येतात,
पांढऱ्या कोटांच्या घड्या अजून मोडलेल्या नसतात.
सप्टेंबरात त्यांनी गालाच्या आतून काडी फिरवून
स्वतःच्या पेशी पाहिल्या.
किप्रोनो म्हणाला, "एवढंच?"
जणू दुकानदाराने मापात मारलं.
मग कांद्याचा पापुद्रा, मग मुळाचं टोक,
जिथे पेशी दुभंगताना सापडल्या तर सापडतात.
एव्हाना त्यांना कळलंय
की पेन्सिल टोकदार हवी,
नावांच्या रेषा एकमेकींना छेदता कामा नयेत,
आणि डॉक्टर मुकोयांचं पालुपद पाठ झालंय:
माहीत आहे ते काढू नका. दिसतंय ते काढा.

भिंतीशी उभं राहून मी एकतीस वेळा
पहिलं वर्ष केलं.
परीक्षेला मला कोणी बसवलं नाही.

अपोंदीचा हात पहिल्याच कापात ओळखू आला.
इतर अजून मासा उताणा की पालथा यावर वाद घालत होते,
हिची चिरणी झालीसुद्धा,
गुदद्वारापासून कल्ल्यापर्यंत, एका दमात.
"सावकाश," डॉक्टर म्हणाले, "तळायचा नाहीये."
वर्ग हसला. तीही हसली, पण कान तापले तिचे,
मी बाजूलाच पाणी बदलत होतो.

तक्त्यात शेवटचा रकाना: पोटातील घटक.
सगळ्यांच्या ट्रेमध्ये हिरवा चिखल, शेवाळ,
वान्जाच्या माशात जाळ्याचा निळा धागा.
अपोंदीच्या माशात काही नाही.
जठर सुरकुतलेलं, रिकाम्या पिशवीसारखं.
"सांडलंस बहुतेक," डॉक्टर म्हणाले आणि पुढे गेले.

ती रकान्याकडे बघत बसली.
एरवी पोरं शेजारच्याचं उतरवतात.
मी पाहिलंय, मी कधी सांगत नाही.
तिने लिहिलं: रिकामं.
मग थांबली.
मग, तक्त्यात नसताना,
चिमट्याने माशाचं तोंड उघडलं.

कल्ल्यांच्या कमानीत अडकलेली
नऊ अंडी. मुगाएवढी, पिवळसर.
जाळ्यात सापडली की मादी सगळी थुंकून टाकते,
ही नऊ कशी राहिली कोण जाणे.
तोंडात मूग धरून बसलेली मासोळी,
गिळले मात्र नव्हते.

"हे तर आम्ही झटकून टाकतो," अपोंदी म्हणाली,
कोणाला उद्देशून नाही.
"बाजारात. ओट्यावर. रोज."
किनाऱ्यावर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.
मलाही होतं.
ते तोंड आणि ते पोट
एकाच माशाचं आहे,
हे तेवढं कोणी जोडलं नव्हतं.

डॉक्टर परत आले. वाकले. चष्मा कपाळावर नेला.
बराच वेळ काही बोलले नाहीत,
आणि त्यांच्यासारख्या माणसाला ते जड जातं.
मग म्हणाले, "काढ. दिसतंय ते काढ."
तिने काढलं. एक रेष दुसरीला छेदून गेली,
त्याचा अर्धा गुण कापला.

संध्याकाळी ट्रे धुताना
मी उरलेली तोंडं उघडून पाहिली.
काहीच नव्हतं. पण बारकी जठरं मोजली:
चाळिसात सहा.
एकतीस वर्षं, दर बुधवारी,
स्वस्त पडतात म्हणून.

पुढच्या बुधवारी किनाऱ्यावर
हात बादलीच्या काठावर थोडा अडखळला.
बाईने विचारलं, "काय ओचोला, आज जाडे हवेत?"
पैसे तेवढेच होते.
मी एक एक उचलून
आधी तोंडात बघू लागलो.